दोन अक्षरांचे भांडण

११ फेब्रुवारी १९६० च्या रात्रीची गोष्ट. न्यूयॉर्कमध्ये एन. बी. सी. या दूरचित्रवाणी कंपनीचा ‘टुनाइट’ हा मध्यरात्रीचा कार्यक्रम नुकता सुरू झाला होता. चार मिनिटेही झाली नसतील, तोच तो चालविणारा विनोदकार जॅक पार याने प्रेक्षकांचा निरोप घेतला आणि तो चालता झाला. पुढचा वेळ कसा निभवायचा ही काळजी त्याने आपला निवेदक ह्यू डाऊन्स याच्या गळ्यात टाकली. कारण काय, तर आदल्या दिवशी त्याने सांगितलेली एक गोष्ट कंपनीने त्याला न विचारता कापली होती. भांडण सारे दोन अक्षरांचे : ‘डब्ल्यू. सी.’

गोष्ट अशी. एक इंग्रज बाई स्वित्झर्लंडमध्ये राहायला जागा पाहून येते. घरी आल्यावर तिच्या ध्यानात येते की, तिथे डब्ल्यू. सी. कुठे आहे हे पाहायचे राहिलेच. ती तिथल्या शाळामास्तरांना पत्र घालते. मास्तरांचे इंग्रजी बेताचे. ते गावच्या पाद्र्याचा सल्ला घेतात, आणि दोघे मिळून ठरवतात की बाईंना ‘वेसाइड चॅपेल’, म्हणजे वाटेवरचे प्रार्थनामंदिर, हवे आहे. मग मास्तर मोठ्या आनंदाने कळवतात की, डब्ल्यू. सी. घरापासून नऊ मैलांवर सुंदर झाडीत आहे, तिथे दोनशेंवर माणसांची बसण्याची सोय आहे, आणि तो आठवड्यातून दोनच दिवस उघडा असतो.

आपल्याला यात कापण्यासारखे काय दिसणार? आपण मराठी माणसे ‘परसाकडे’ जातो, ‘दिशेला’ जातो. कोणा परक्याने शब्दकोश उघडून ‘कोणत्या दिशेला?’ असे विचारले तर पारचीच गोष्ट आपल्या ओटीवर घडेल. गंमत अशी की, या गोष्टीत एकही अशिष्ट शब्द नाही. ती विनोद करते तो सभ्य लोकांच्या संकोचाचा, आणि तिला कात्री लावली तीही संकोचानेच.

ही कात्री त्या काळी नवीन होती. दूरचित्रवाणीवरचे कार्यक्रम पूर्वी घडत तसेच दिसत. तोंडातून गेलेला शब्द परत घेण्याची सोय नव्हती. १९५६ साली चित्रफितीचे यंत्र वापरात आले. पुढे पारचा कार्यक्रमही संध्याकाळी फितीवर घेऊन रात्री दाखवू लागले. तेव्हा मधल्या काही तासांत कोणा अधिकाऱ्याला तो पाहून त्यातले चार-पाच मिनिटांचे लचके तोडता येऊ लागले. त्या रात्री गोष्टीच्या जागी बातम्या घातल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पारने कंपनीला विनविले की, तो तुकडा दाखवा, लोकच ठरवतील. कंपनी नाही म्हणाली.

माणूस हळवा होता, हे खरे. भर कार्यक्रमात त्याच्या डोळ्यांत पाणी येई. टीकाकारांशी तो हातघाईवर येई. पण या एका प्रसंगी मला त्याची बाजू घ्यावीशी वाटते, आणि त्याचे कारण त्याच्या बालपणात आहे. १ मे १९१८ रोजी ओहायोतल्या कँटन गावी जन्मलेला हा मुलगा तोतरा होता. डेमॉस्थेनिसने तोंडात खडे धरून वाणी सुधारली असे सांगतात. पारने तोंडात बटणे धरून मोठ्याने वाचन केले. माझीही जीभ शाळेत ‘क’पाशी अडत असे, तेव्हा एकेक वाक्य सबंध बाहेर काढणे म्हणजे काय हे मला ठाऊक आहे. अशा मेहनतीने मिळविलेले बोलणे कोणी पाठीमागे कापून टाकले तर माणूस चवताळणारच.

सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो नभोवाणीवर बोलू लागला. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्सची मंगळावरच्या स्वारीची श्रुतिका ऐकून लोक घाबरले, तेव्हा तो क्लीव्हलँडच्या केंद्रावर निवेदक होता. जग बुडत नाही, हे नाटक आहे, असे तो सांगू लागला, तर काही श्रोत्यांनी त्यालाच खरे दडपतोस म्हणून दोष दिला! महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर सैनिकांना हसविताना तो वरिष्ठांचीच टर उडवी.

२९ जुलै १९५७ रोजी त्याच्या हाती ‘टुनाइट’ आले. त्याच्या आधी स्टीव्ह ॲलनने १९५४ पासून तो नावारूपाला आणला होता. पारने नकला-नाट्ये मागे टाकून गप्पा पुढे आणल्या. पियानोवादक ऑस्कर लेव्हंट, वृद्ध लेखक अलेक्झांडर किंग, मोडकेतोडके इंग्रजी बोलणारी फ्रेंच गायिका जनेव्हिव्ह अशी मंडळी जमवून तो चावडी भरवी. १९६० च्या निवडणुकीत केनेडी आणि निक्सन दोघेही या चावडीवर येऊन बसले. राजकारण्यांना रात्रीच्या विनोदकाराची पायरी चढावी लागते, ती रीत बरीचशी इथून पडली.

निघून जाताना तो म्हणाला होता की, पोट भरायला याहून बरा धंदा असलाच पाहिजे. ७ मार्चला तो परतला. मला मध्येच अडविले त्याआधी मी सांगत होतो ते असे, अशा थाटात त्याने बोलणे उचलले आणि कबूल केले की, दुसरा धंदा शोधून पाहिला, सापडला नाही.

तरी २९ मार्च १९६२ रोजी त्याने ‘टुनाइट’ सोडलेच. त्या खुर्चीवर जॉनी कार्सन आला आणि तीस वर्षे बसला. पारचा शुक्रवारचा कार्यक्रम १९६५ पर्यंत चालला. त्याने मेन राज्यातले एक दूरचित्रवाणी केंद्रही विकत घेतले. कात्री आता मालकाच्या नात्याने त्याच्या हाती आली. १९७३ साली पुन्हा पडद्यावर येण्याचा प्रयत्न त्याने केला, तो फार टिकला नाही. २७ जानेवारी २००४ रोजी, ८५ व्या वर्षी, तो वारला. मृत्युलेख लिहिणारांना ती दोन अक्षरे तेव्हाही टाळता आली नाहीत.