पावशेरातले सतरा ग्रॅम

आज जाऊया रायगडच्या किनाऱ्यावर, रेवदंड्याच्या बाजारात. कुठल्याही भरलेल्या किराणा दुकानात शिरा. दारात पांढऱ्या कांद्याच्या माळा, वर वेफर्सची पाकिटं, आत तांदळाच्या गोणी. एखादी आजी म्हणते, "शेठ, पावशेर साखर द्या." काट्यावर आकडा येतो २५०. कुणालाच काही खटकत नाही.

पण खरा पावशेर २५० ग्रॅमचा नव्हताच. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. त्याचा पाव म्हणजे २३३. मग हे वरचे सतरा ग्रॅम आले कुठून?

त्याआधी एक गंमत. पूर्वी धान्य बहुतेक वेळा तोलायचे नाहीत, मापायचे. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. पहिलं माप टाकताना 'एक' नाही म्हणायचं, 'लाभ' म्हणायचं! पण लाभ कुणाचा? माप शिगोशीग भरायचं की वरून हात फिरवून सपाट करायचं, यावर सगळा खेळ. शेतकऱ्याकडून भात घेताना शीग आणि त्यालाच तांदूळ विकताना सपाट, असं झालं तर नुकसान गरिबाचंच. वर गावोगावचा शेरही सारखा नसायचा.

मग दोन बदल लागोपाठ आले. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १६ आणे जाऊन १०० नवे पैसे झाले. १९५८ पासून किलो टप्प्याटप्प्याने आला आणि एप्रिल १९६२ पासून वजनासाठी तोच सक्तीचा झाला. तेव्हा हा जिल्हा कुलाबा होता. 'रायगड' नाव १९८१ मधलं.

आता हिशोब करा. समजा, पावशेर साखर चार आण्यांना, म्हणजे २५ नव्या पैशांना मिळायची. तर पाव किलोची किंमत व्हायला हवी २७ पैसे. शेठने ३० मागितले, तर तीन पैसे कुणाच्या खिशात? अक्षरओळख नसलेल्या बाईने हे कसं ताडायचं? नाणं नवं, वजन नवं, जुना फक्त दुकानदार. उधारीची वहीही त्याच्याच हातात. म्हणजे सरकारने वजन बदललं खरं, पण दुकानात ते चाललं विश्वासावर.

आज तो विश्वास थोडा तपासता येतो. वजनकाट्यावर वैधमापन खात्याची पडताळणी लागते, पाकिटावर वजन आणि किंमत छापावी लागते. तेव्हा पुढच्या वेळी साखर घेताना एवढंच करा: पिशवी ठेवण्याआधी काट्यावर शून्य आहे ना, ते बघा. आणि मागताना खुशाल 'पावशेर' म्हणा. शब्द जुना आहे, पण ते सतरा ग्रॅम आता तुमच्या हक्काचे आहेत.