खिळा की खिया?

वऱ्हाडातल्या भातकुलीत बैलबंडी दुरुस्त करणारा सुतार ‘खिळा’ म्हणत नाही, ‘खिया’ म्हणतो. वऱ्हाडी जिभेवर ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळ्याचा डोया, तसा खिळ्याचा खिया. हाच शब्द छापखान्यात शिरला, की त्याचं टोक जाई आणि माथ्यावर उलटं अक्षर येई. शिशाचा तो उभा तुकडा म्हणजेही खिळाच.

मूळ संस्कृत ‘कील’, म्हणजे खुंटी. प्राकृतात तो ‘खील’ झाला, मराठीत खीळ आणि खिळा. खिळे जुळवणारा तो जुळारी. देवनागरीच्या मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं सांभाळायची, तर त्याच्या पेटीत इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त घरं लागत. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला आणि तिथले सुबक खिळे नावाजले गेले. मुंबईकर शंकर आबाजी भिसे तर खिळे ओतण्याचं यंत्र घडवायला लंडनपर्यंत पोचले. तिकडे १८८६ मध्ये न्यूयॉर्कला लायनोटाइप सुरू झालं. सुट्या खिळ्यांऐवजी अख्खी ओळच एकसंध ओतली जाऊ लागली.

गंमत बघा, अ-क्षर म्हणजे न झिजणारं. पण शिशाचं अक्षर झिजे आणि पुन्हा मुशीत जाई. आता खिळेही गेले, जुळारीही. तरी चांगलं पुस्तक आजही ‘खिळवून’ ठेवतं. त्या क्रियापदाचा छापखान्याशी थेट संबंध नाही, पण त्याचा आणि खिळ्याचा आजा एकच: कील.