स्पार्क प्लग : बदलणे आणि गॅप लावणे

पेट्रोल किंवा सीएनजीच्या इंजिनात इंधन-हवेचे मिश्रण विजेच्या ठिणगीने पेटवणारा भाग. डिझेल इंजिनात तो नसतो. प्लगच्या टोकाशी एक मधला आणि एक बाजूचा वाकडा असे दोन इलेक्ट्रोड असतात. त्यांच्यामधली फट म्हणजे ‘गॅप’. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमधून हजारो व्होल्टपर्यंत चढतात, तेव्हा ठिणगी या फटीतून उडते. दर ठिणगीला धातू कणभर झिजतो, गॅप वाढते, कॉइलवरचा ताण वाढतो आणि चढावर गाडी मिसिंग करू लागते.

गॅप किती ठेवायची हे कंपनीच्या पुस्तिकेतच पाहावे. कार्बोरेटरच्या जुन्या मोटारींत ती बहुधा ०.७ ते ०.८ मिमी असे, अलीकडच्या अनेक गाड्यांत १ मिमीच्या आसपास असते. सीएनजी पेटवायला व्होल्टेज जास्त लागते, म्हणून तिथे गॅप सहसा कमी ठेवतात. फीलर गेजची पाती फटीतून जराशी घासत सरकली की गॅप बरोबर. कमी-जास्त करताना बाजूचा इलेक्ट्रोडच वाकवावा. मधल्यावर जोर दिला तर चिनी मातीला तडा जातो. इरिडियम प्लगचे टोक तारेइतके बारीक असते, त्याला उगाच हात लावू नये.

काम इंजिन थंड असतानाच करावे. प्लगभोवतीची धूळ आधी हवा मारून उडवावी, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. एकेक प्लग बदलत गेल्यास वायरींची अदलाबदल होत नाही. काढलेला प्लग मात्र लगेच फेकू नये, इंजिनाची तब्येत त्यावर स्वच्छ वाचता येते. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट काळेपणा म्हणजे ऑइल वर येते आहे आणि पांढरे, फोड आलेले टोक म्हणजे इंजिन फार तापते आहे.

खरा जोखमीचा भाग नवा प्लग बसवण्याचा. अॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे मऊ असतात. प्लग तिरका लागला आणि पान्याने रेटला तर आटे जातात, आणि पाच मिनिटांचे काम हेड उतरवण्यापर्यंत जाऊ शकते. म्हणून सुरुवातीचे फेरे बोटांनीच द्यावेत. प्लग खोल खड्ड्यात असेल तर त्याच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा चढवून फिरवावा; आटे चुकले की नळी आपोआप घसरते. वॉशरवाला १४ मिमीचा नवा प्लग हाताने टेकल्यावर पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा द्यावा. बिनवॉशरच्या, निमुळत्या बैठकीच्या प्लगला एक-सोळांश फेरा पुरतो.