ऊसतोड कामगारांच्या मुलांचे शिक्षण

ऊसतोड कामगारांच्या मुलांचे शिक्षण हा महाराष्ट्रातील ग्रामीण दारिद्र्य, हंगामी स्थलांतर आणि शालेय शिक्षण यांच्याशी निगडित सामाजिक प्रश्न आहे. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. शाळांचे दुसरे सत्र जवळपास याच काळात असल्यामुळे आईवडिलांसोबत ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांचे दरवर्षी सुमारे निम्मे शैक्षणिक वर्ष बुडते.

पार्श्वभूमी

ऊसतोड कामगारांच्या स्थलांतरासाठी बीड जिल्हा विशेष ओळखला जातो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), जालना, परभणी, नंदुरबार इत्यादी जिल्ह्यांतूनही कामगार जातात. कोरडवाहू अल्प जमीन, वारंवार पडणारा दुष्काळ आणि गावात रोजगाराचा अभाव ही स्थलांतराची प्रमुख कारणे आहेत. ही कुटुंबे कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे व सोलापूर या जिल्ह्यांत, तसेच कर्नाटक आणि गुजरातमध्ये जातात.

कामगारांची भरती मुकादमामार्फत होते. हंगामापूर्वी मुकादम कुटुंबाला आगाऊ रक्कम देतो. तिला ‘उचल’ म्हणतात. पतिपत्नीची जोडी ‘एक कोयता’ मानली जाते आणि मजुरी तोडलेल्या उसाच्या वजनावर, म्हणजे टनावर ठरते. हंगामाच्या शेवटी उचल फिटली नाही, तर उरलेली रक्कम पुढील हंगामाच्या खात्यावर चढते. आई व वडील दोघांनाही जावे लागत असल्याने, घरी सांभाळणारे आजीआजोबा किंवा नातेवाईक नसतील तर मुलांनाही सोबत न्यावे लागते.

तळावरील जीवन

कामगार कारखान्याच्या किंवा उसाच्या फडाच्या परिसरात ‘कोपी’ नावाच्या तात्पुरत्या झोपड्यांत राहतात. तोडणीचे काम पहाटेपासून सुरू होते आणि वाहने भरण्याचे काम रात्रीपर्यंत चालू शकते. मोठी मुलगी लहान भावंडांना सांभाळते, पाणी भरते आणि स्वयंपाक करते. मुले वाढे गोळा करण्यात, मोळ्या बांधण्यात व जनावरे सांभाळण्यात मदत करतात.

शिक्षणावरील परिणाम

अनुपस्थितीचा परिणाम दरवर्षी साचत जातो. पहिलीपासून प्रत्येक हंगामात स्थलांतर करणाऱ्या मुलाला पाचवी पूर्ण होईपर्यंत प्रत्यक्षात सुमारे अडीच वर्षांचेच अध्यापन मिळते. त्याचे नाव मात्र गावच्या शाळेच्या पटावर राहू शकते. त्यामुळे शाळाबाह्य मुलांच्या नोंदीत तो येत नाही आणि त्याचे मागे पडणे उशिरा लक्षात येते. तळाजवळील शाळेत प्रवेश मिळाला तरी शिक्षक, वर्गमित्र आणि कर्नाटक किंवा गुजरातमध्ये अध्यापनाची भाषाही बदलते. दहावीची शालान्त परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे हंगाम चालू असतानाच येते.

मुलींवरील परिणाम

वयात आलेल्या मुलीला गावी एकटी ठेवणे किंवा तळावर नेणे, हे दोन्ही पर्याय पालकांना असुरक्षित वाटतात. तिचा लवकर विवाह करण्याकडे कल असण्याचे हे एक कारण आहे. विवाहानंतर नवे जोडपे स्वतंत्र ‘कोयता’ म्हणून उचल घेऊ शकते, हे दुसरे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार २० ते २४ वर्षे वयोगटातील स्त्रियांपैकी १८ वर्षांपूर्वी विवाह झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के, तर बीड जिल्ह्यात ४३.७ टक्के होते. जिल्ह्याच्या या आकड्यात ऊसतोड कामगारांखेरीज इतर कुटुंबांचाही समावेश आहे.

कायदा व उपाययोजना

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ नुसार ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क आहे. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे हे या कायद्याने स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरवले आहे. मुख्य उपाय पुढीलप्रमाणे आहेत :

साखरशाळा : कारखाना परिसरात हंगामापुरत्या चालवलेल्या शाळा. शिक्षण हक्क कायद्यानंतर मुलांना नियमित शाळांत दाखल करण्यावर भर देण्यात आला.

हंगामी वसतिगृहे : पालक बाहेर असताना मुलांना मूळ गावीच ठेवून त्यांच्या भोजनाची व देखभालीची केलेली सोय.

शिक्षण हमी कार्ड : स्थलांतरित मुलाला नव्या ठिकाणच्या शाळेत विनाअडथळा प्रवेश मिळावा यासाठी दिले जाणारे कार्ड.

संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना : २०२१ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत ४१ तालुक्यांत मुले व मुलींसाठी प्रत्येकी एक, अशा ८२ वसतिगृहांची तरतूद आहे.

मर्यादा

यांपैकी बहुतेक उपाय मुलाच्या राहण्याची किंवा प्रवेशाची सोय करतात. कुटुंबाला स्थलांतर करायला लावणारी उचल त्यामुळे कमी होत नाही. वयाच्या १४ वर्षांनंतर कायद्याचे संरक्षण संपते आणि त्याच सुमारास मुले कोयता धरण्याच्या वयाची मानली जाऊ लागतात. माध्यमिक शिक्षण अपुरे राहिलेल्या तरुणांसमोर अन्य रोजगाराचे पर्याय मोजके असतात. परिणामी, आईवडिलांचे काम पुढच्या पिढीकडे जाते आणि तिची मुलेही त्याच वेळापत्रकात सापडतात.

हे सुद्धा पहा

बालविवाह
शिक्षणाचा हक्क
साखर उद्योग
हंगामी स्थलांतर