पुण्यातील देवळांची आगळी नावे

पुणे शहराच्या जुन्या पेठांमध्ये चमत्कारिक वाटणाऱ्या नावांची अनेक देवळे आहेत. जिलब्या मारुती, बटाट्या मारुती, डुल्या मारुती, पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा, खुन्या मुरलीधर आणि गुपचुप गणपती ही त्यांपैकी काही प्रसिद्ध उदाहरणे होत. या नावांना पुराणकथांचा आधार नाही. ती परिसरातील बाजार, व्यवसाय, जनावरे, व्यक्ती किंवा एखादी घटना यांवरून लोकांच्या बोलण्यात रूढ झाली. त्यांतील बहुतेक बाजार व व्यवसाय कालांतराने हलले किंवा बंद पडले, तरी नावे टिकून राहिली. त्यामुळे पेशवेकालीन व इंग्रजकालीन पुण्याच्या रोजच्या जीवनाची स्मृती जपणारी साधने म्हणून त्यांना महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

मारुतीचे देऊळ गावाच्या वेशीवर असावे, अशी महाराष्ट्रातील जुनी प्रथा आहे. पुणे हे पेशव्यांच्या कारभाराचे केंद्र झाल्यावर अठराव्या शतकात कसब्याभोवती नव्या पेठा वसत गेल्या. गावाची हद्द पुढे सरकत राहिली आणि पूर्वी वेशीबाहेर असलेली देवस्थाने वस्तीच्या मध्यभागी आली. याशिवाय सरदार, सावकार, गोसावी आणि सामान्य गृहस्थ यांनीही आपापली देवळे उभारली. एकाच देवतेची अनेक देवळे जवळजवळ असल्याने ती वेगळी ओळखता यावीत, यासाठी खुणेची नावे पडली.

नावांची घडण

यांतील बरीच नावे ‘या’कारान्त आहेत, उदाहरणार्थ डुल्या, पत्र्या, बटाट्या, उंटाड्या, खुन्या. मराठी बोलीत माणसांना टोपणनावे देण्याची हीच पद्धत आहे. अशा नावांत अनादर नसून सलगी असते. ज्या देवाला ‘अरे’ म्हणून हाक मारता येते, त्याचे नावही एकेरी असणे बोलणाऱ्याला वावगे वाटत नाही. काही नावांत मात्र हा नियम लागू पडत नाही. भिकारदास मारुती हे नाव ऐकून भिकाऱ्यांशी संबंध असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात ते भिकारदास या गुजराती सावकाराचे नाव आहे. मोदी गणपतीचे नावही व्यक्तिवाचक आहे.

बाजार व व्यवसायांवरून पडलेली नावे

शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात पूर्वी भाजीबाजार भरत असे. तेथे बटाटे विकणाऱ्यांच्या सान्निध्यातील मारुती बटाट्या मारुती झाला. १८८६ मध्ये रे मार्केटची, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईची, इमारत उभी राहिली आणि भाजीबाजार तेथे गेला. मारुती व त्याचे नाव मात्र वाड्यासमोरच राहिले.

मंडई व तुळशीबागेच्या परिसरातील जिलब्या मारुतीला शेजारचा हलवाई जिलब्यांची माळ घालीत असे, असे सांगितले जाते. बुधवार पेठेतील पासोड्या विठोबासमोर पासोड्यांची, म्हणजे जाड्याभरड्या सुती पांघरुणांची, विक्री होत असे. सोन्या मारुतीच्या नावाचा संबंध लक्ष्मी रस्त्यावरील सराफी पेढ्यांशी जोडतात. या मंदिरातील वाद्यवादनाच्या वादातून १९३७ मध्ये झालेले आंदोलन ‘सोन्या मारुती सत्याग्रह’ म्हणून ओळखले जाते. रास्ता पेठेतील उंटाड्या मारुतीचे नाव त्या भागात बांधल्या जाणाऱ्या उंटांवरून आले, असे मानतात.

व्यक्ती, वास्तू व परिसर यांवरून पडलेली नावे

नारायण पेठेतील मोदी गणपतीचे नाव खुश्रूशेट मोदी या पारशी गृहस्थावरून पडले. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ते इंग्रज रेसिडेन्सीशी संबंधित होते व या भागात त्यांची बाग होती. एका हिंदू देवस्थानाला पारशी व्यक्तीचे नाव असणे हे पेशवाईच्या अखेरच्या काळातील शहराच्या संमिश्र समाजाचे उदाहरण आहे.

नारायण पेठेतच मातीच्या मूर्तीमुळे माती गणपती आणि पत्र्याच्या छपरामुळे पत्र्या मारुती ही नावे रूढ झाली. नाना पेठेतील निवडुंग्या विठोबाची मूर्ती निवडुंगाच्या झाडीत सापडली, अशी कथा आहे. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा पुण्यातील मुक्काम याच मंदिरात असतो. सदाशिव पेठेतील उपाशी विठोबाचे नाव उपवासाचे कडक व्रत पाळणाऱ्या भक्तावरून पडल्याचे सांगतात. शनिवार पेठेतील गुपचुप गणपती आता ‘वरद गुपचुप गणपती’ या नावाने ओळखला जातो. प्रतिष्ठेचे विशेषण जोडले गेले, तरी मूळ बोलीतील नाव गळून पडले नाही.

घटना व आख्यायिका

गणेश पेठेतील डुल्या मारुतीविषयी अशी आख्यायिका आहे की, १७६१ मध्ये पानिपतावर लढाई चालू असताना ही मूर्ती डुलू लागली. त्या युद्धात मराठी मुलखातील असंख्य घरांतील माणसे मारली गेली. मूर्तीच्या डुलण्याची कथा हा त्या आघाताचा लोकस्मृतीत उरलेला ठसा मानता येतो.

सदाशिव पेठेतील खुन्या मुरलीधराचे मंदिर सावकार गद्रे यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधले. मुरलीधराची मूर्ती दुसरीकडे नेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा गद्र्यांच्या अरब रक्षकांशी चकमक होऊन माणसे मारली गेली व त्यावरून हे नाव पडले, असे सांगितले जाते. दुसऱ्या समजुतीनुसार या नावाचा संबंध द्रविड बंधूंच्या हत्येशी आहे. रँड वधाच्या प्रकरणात चाफेकर बंधूंविषयी माहिती देणाऱ्या द्रविड बंधूंवर फेब्रुवारी १८९९ मध्ये गोळ्या झाडण्यात आल्या होत्या.

पायी भटकंती

ही देवळे मध्यवस्तीत असून बहुतेक पायी पाहता येतात. शनिवारवाड्यासमोरील बटाट्या मारुतीपासून सुरुवात करून शनिवार व नारायण पेठेतील गुपचुप, मोदी व माती गणपती पाहता येतात. तेथून सदाशिव पेठेत उपाशी विठोबा, खुन्या मुरलीधर व भिकारदास मारुती, नंतर पासोड्या विठोबा व जिलब्या मारुती आणि लक्ष्मी रस्त्याने पूर्वेकडे सोन्या मारुती व डुल्या मारुती असा क्रम सोयीचा ठरतो. पुढे नाना पेठ व रास्ता पेठ लागतात. सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपतीचे नाव मूर्तीच्या तीन सोंडांवरून आले आहे. मोरावर बसलेला हा गणपती व दर्शनी भागावरील गेंड्याला साखळदंड घालणाऱ्या शिपायांचे शिल्प यांसाठी ते मंदिर भटकंतीत जोडले जाते. काही देवळे लहान वा खाजगी असल्याने दुपारी बंद असू शकतात. मारुतीच्या देवळांत शनिवारी व हनुमान जयंतीला गर्दी असते.

महत्त्व व सद्यःस्थिती

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुरात नदीकाठच्या पेठांतील अनेक वाडे पडले. पुढील दशकांत उरलेल्या वाड्यांच्या जागी निवासी इमारती व व्यापारी संकुले झाली. पासोड्या, उंट आणि मोद्यांची बाग यांच्या खुणा रस्त्यावर उरल्या नाहीत. अशा ठिकाणी देवळाचे नाव हाच त्या जागेच्या पूर्वीच्या वापराचा धागा ठरतो. पत्ता सांगताना आजही ही नावे वापरली जातात आणि परिसरातील गणेशोत्सव मंडळेही ती धारण करतात. नावामागची हकिकत मात्र मुख्यतः तोंडी परंपरेने चालत आली आहे. जुने रहिवासी पेठा सोडून उपनगरांत जात असल्याने नाव टिकले, तरी त्यामागचे कारण विस्मृतीत जाण्याची शक्यता आहे.