पंखाच्या पोटातले त्रिकोण

पूल, गाडीचा सांगाडा, विमानाचा पंख, काहीही संगणकावर तपासायला घेतलं की आधी त्याचे बारीक तुकडे पाडतात. या पद्धतीचा जनक कोण असं विचारलं, तर गणिती लोक रिचर्ड कूरां यांचं नाव घेतात. १९४३ साली छापलेल्या लेखात त्यांनी पीळ दिलेल्या पोकळ चौकोनी दांड्याचं गणित त्रिकोण पाडून सोडवलं होतं. कागदोपत्री दावा पक्का आहे. पण अभियंते या पद्धतीपर्यंत पोचले ते वेगळ्याच वाटेनं आणि वेगळ्याच गरजेपोटी. माझ्या मते हे घराणं सिअ‍ॅटलचं, बोइंगचं.

जेट विमानं आली आणि पंखांचा आकार बदलला. जुना लांब, सरळ पंख तुळई समजून हिशेब करता येई. डेल्टा पंख आखूड आणि मुळाशी रुंद. त्याचा बराच भार पत्र्याची कातडीच पेलते, आणि तीही सगळ्या दिशांना. बर्कलीचे प्राध्यापक रे क्लफ १९५२च्या उन्हाळ्यात बोइंगमध्ये कामाला गेले, तेव्हा त्यांनी तुळयांची जाळी जोडून पंख मांडून पाहिला. चाचणीतले आकडे काही केल्या जुळेनात. पुढच्या वर्षी तिथल्या त्यांच्या गटाचे प्रमुख जॉन टर्नर यांनी सुचवलं की कातडीचेच त्रिकोण पाडा.

त्रिकोणच का? त्याचे तीन कोपरे, प्रत्येक कोपरा आडवा आणि उभा सरकू शकतो, म्हणजे एकूण सहा आकडे. आतला पत्रा सगळीकडे सारखाच ताणला जातो असं धरलं की कडा सरळच राहतात. शेजारच्या दोन त्रिकोणांचे दोन कोपरे सामाईक असल्यामुळे मध्ये ना फट पडते, ना एक दुसऱ्यावर चढतो. कोपऱ्यांवरचे जोर आणि त्यांची हालचाल यांचं नातं सहा बाय सहाच्या कोष्टकात बसतं. मग अशी कोष्टकं एकात एक मिळवत जायचं. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांचा यावरचा लेख १९५६ साली आला.

मिळवणं सोपं, सोडवणं महाकठीण. बर्कलीतल्या आयबीएम ७०१ वर फार तर ४० समीकरणं एका वेळी सुटत. एका कोपऱ्याची दोन धरली, तर जेमतेम वीस मोकळे कोपरे! आज विद्यार्थ्याचा लॅपटॉपही याला हसेल.

१९६० साली पिट्सबर्गच्या परिषदेत क्लफ यांनी या पद्धतीचं ‘फायनाइट एलिमेंट’ असं बारसं केलं. त्याच परिषदेत ल्युसियन श्मिट यांनी दुसराच प्रश्न मांडला: रचना टिकते का एवढंच न तपासता, टिकणाऱ्यांतली सर्वांत हलकी कोणती हे गणितालाच शोधू द्यावं. तोवरचा रिवाज असा की प्रत्येक दांडी कुठल्या ना कुठल्या भाराखाली पुरती ताणली गेली, म्हणजे काटकसर झाली. श्मिट यांनी तीन दांड्यांची साधी कैची घेतली. तिच्या सर्वांत हलक्या रूपात मधली दांडी कोणत्याच भाराखाली पुरती ताणलेली नव्हती.

हे दोन प्रवाह पुढे एकमेकांत मिसळले. १९८८ साली बेन्सो आणि किकुची यांनी जाडी ठरवण्यापलीकडची उडी मारली. माल मुळात कुठे हवा आणि कुठे भोक पाडलं तरी चालेल, हे ते फायनाइट एलिमेंटच्या तुकड्यांच्या जाळ्यातल्या घराघरांतून गणितानं ठरवू लागले.