सायकल आणि संसार

ध्यास आणि संसार यांचें जमावें कसें, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. तो साधुसंतांच्या चरित्रांत आहे, तसा विद्वानांच्या घरांतही आहे. एखादा पुरुष वर्षानुवर्षें एकाच कामाच्या पाठीस लागला, तर आपण त्यास व्यासंगी म्हणतों आणि त्याची थोरवी गातों; पण त्या वर्षांत चूल कोणीं पेटती ठेवली, मुलांचीं दुखणीं कोणीं काढलीं, हें विचारण्याची आपणांस संवय नाहीं. चरित्रकार फार तर शेवटच्या प्रकरणांत पत्नीच्या सहकार्याविषयीं दोन ओळी लिहितो. म्हणून ज्या घरांत हा पडद्याआडचा खर्च उघड्यावर आला, अशा घराची हकीकत इतिहासाच्या अभ्यासकास मोलाची वाटते. तशी एक हकीकत इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत घडली. ती बेरिल बर्टन या सायकलपटु स्त्रीची आहे.

बेरिलबाईंचा जन्म १९३७ सालीं लीड्स येथें झाला. लहानपणीं संधिवाताच्या तापानें त्यांना गांठलें. कित्येक महिने इस्पितळांत आणि नंतर आरोग्यभुवनांत काढून त्या बाहेर पडल्या, तेव्हां डॉक्टरांचें बजावणें असें होतें कीं, या मुलीनें अंगमेहनतीच्या वाटेस जाऊं नये. पुढें नोकरीच्या ठिकाणीं चार्ली बर्टन या तरुणाशीं त्यांची ओळख झाली. चार्लींना सायकलीचा नाद होता, आणि बेरिलबाईंना तो त्यांनींच लावला. १९५५ सालीं दोघांचें लग्न झालें. १९५६ च्या आरंभीं डेनीस ही मुलगी झाली. १९५७ सालीं शंभर मैलांच्या राष्ट्रीय शर्यतींत बाईंनीं दुसरा क्रमांक पटकावला, तेव्हां घरांत पुरतें दोन वर्षांचेंही न झालेलें मूल होतें. संसार आधीं आणि कीर्ति मागाहून, असा हा क्रम आहे.

कीर्ति मात्र अशी आली कीं, तिला तोड नाहीं. १९५९ पासून १९८३ पर्यंत, लागोपाठ पंचवीस वर्षें, ब्रिटनमधील सर्वोत्तम अष्टपैलू महिला सायकलपटूचा मान दुसऱ्या कोणाकडे गेला नाहीं. जागतिक अजिंक्यपदें त्यांनीं सात मिळविलीं. १९६८ सालीं शंभर मैलांचें अंतर ३ तास ५५ मिनिटें ५ सेकंदांत कापून, चार तासांच्या आंत ही मजल मारणारी पहिली स्त्री त्या ठरल्या.

परंतु अजूनही लोक आवडीनें सांगतात ती गोष्ट १७ सप्टेंबर १९६७ ची. शर्यत बारा तासांची होती. अशा शर्यतींत प्रत्येक स्वारास ठराविक अंतरानें एकेकटें सोडतात. दुसऱ्याच्या आडोशानें चालवावयाचें नसतें. आणि बारा तासांत जो अधिक मैल तोडील तो पहिला. पुरुष आधीं सुटले, बाई मागाहून. माइक मॅकनमारा हे त्या दिवशीं पुरुषांचा विक्रम मोडण्याच्या वाटेवर होते, आणि त्यांनीं तो मोडलाही. पण शर्यत बरीच सरल्यावर बाईंनीं त्यांस गांठलें, आणि पुढें जातां जातां ज्येष्ठमधाच्या मिठाईची एक वडी त्यांच्यापुढें केली. मॅकनमारांनीं आभार मानून ती तोंडांत टाकली. बाईंची मजल २७७ मैल आणि वर पाव मैल, म्हणजे सुमारें ४४६ किलोमीटर, भरली. पुरुषांच्या नव्या विक्रमाहून ती सुमारें पाऊण मैलानें अधिक होती. हा आंकडा ओलांडण्यास पुरुषांना दोन वर्षें लागलीं. स्त्रियांना पन्नास वर्षें लागलीं. २०१७ पर्यंत तो अबाधित होता.

या यशामागें पैसा नव्हता. बाई अखेरपर्यंत हौशी खेळाडूच राहिल्या. सायकलीच्या जागतिक स्पर्धा स्त्रियांसाठीं १९५८ सालीं सुरू झाल्या. ऑलिंपिकमध्यें तर १९८४ पर्यंत स्त्रियांना सायकलीच्या शर्यतीच नव्हत्या, आणि तोंपर्यंत बाईंचें वय ४७ झालें होतें. पूर्व युरोपांतील त्यांच्या प्रतिस्पर्धी स्त्रियांच्या पाठीशीं सरकारी व्यवस्था उभी असे. बेरिलबाईंच्या पाठीशीं मॉर्ली गांवचें एक साधें घर होतें.

त्या घराची दिनचर्या कशी होती? मॉर्लीच्या आसपासचा मुलूख रूबार्ब या पिकासाठीं प्रसिद्ध आहे. त्याचीं आंबट देठें साखर घालून शिजवतात. हिंवाळ्यांत त्याचे जड गड्डे जमिनींतून उकरून अंधाऱ्या छपराखालीं नेऊन लावावे लागतात. निम कार्लाइन नांवाच्या, स्वतः शर्यती करणाऱ्या शेतकऱ्याच्या मळ्यांत बाई हें काम मोलानें करीत. त्यांत घरकाम, आणि आठवड्याला शेंकडों मैल सायकल. हें सारें एका माणसाच्या दिवसांत मावणारें नव्हतें. तें मावलें, कारण चार्लींनीं आपलें शर्यतींत उतरणें सोडून दिलें. सायकलींची दुरुस्ती त्यांनीं केली, गाडी त्यांनीं हांकली, मूल त्यांनीं सांभाळलें, आणि रस्त्याच्या कडेला उभें राहून पत्नीच्या हातीं खाणेंपिणें दिलें.

या कामांतलें एकही असें नाहीं कीं, जें हजारों थोर पुरुषांच्या बायकांनीं केलें नाहीं. फरक इतकाच कीं, तेथें त्याची गणती ‘संसार’ या एका शब्दांत होऊन जाते, आणि येथें भूमिका उलट झाल्यामुळें प्रत्येक काम वेगळें दिसूं लागलें. ध्यास आणि संसार यांचा समतोल साधला, असें आपण सहज म्हणतों. पण तराजूचीं पारडीं आपोआप समान होत नाहींत. एका पारड्यांतलें उचलून दुसऱ्यांत कोणाला तरी घालावें लागतें. बर्टनांच्या घरीं एका नवऱ्यानें आपली हौस उचलून बायकोच्या पारड्यांत घातली, आणि ती परत मागितली नाहीं.

मात्र चार्लींचा त्याग हा जाणत्या माणसाचा स्वतःचा निर्णय होता. डेनीसचें तसें नव्हतें. ती शर्यतींच्या कडेला वाढली, आणि मोठी होऊन स्वतःही सायकलपटु झाली. १९७२ सालीं मायलेकी दोघी एकदमच जागतिक स्पर्धेसाठीं ब्रिटनच्या संघांत निवडल्या गेल्या. १९७५ सालीं डेनीसनें जागतिक स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. कोणालाही हेवा वाटावा अशी ही गोष्ट. पण १९७६ सालीं यॉर्कशायरांतच झालेल्या राष्ट्रीय शर्यतींत दोघी अखेरच्या टप्प्यांत एकमेकींसमोर आल्या. सडकेवरील या शर्यतींत पुढचा स्वार वारा अंगावर घेतो आणि मागच्याचे श्रम वांचतात. म्हणून पुढें राहण्याची पाळी आळीपाळीनें घ्यावी, असा संकेत आहे. मुलीनें आपली पाळी घेतली नाहीं, असें आईला वाटलें. शेवटच्या धांवेंत मुलगी जिंकली. व्यासपीठावर आईनें तिच्याशीं हस्तांदोलन केलें नाहीं.

त्या वेळीं आई ३९ वर्षांची होती, मुलगी २० वर्षांची. पुढें १९८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत बाईंनीं आपलें हें वागणें खिलाडूपणाला सोडून होतें, अशी कबुली दिली आहे. कबुली प्रांजळ आहे. तरी मला वाटतें, दोष एका क्षणाच्या रागाचा नव्हता. चार्लींच्या हातभारानें वेळेचा प्रश्न सुटला होता, कामाच्या वांटणीचा सुटला होता. पण सबंध घरच शर्यतीचें झाल्यावर, त्या घरांत वाढणाऱ्या मुलीपुढें दोनच वाटा उरतात, मदतनीस होण्याची किंवा प्रतिस्पर्धी होण्याची. नुसती मुलगी असण्याला जागा लागते, आणि ती जागा घरांत मुद्दाम राखून ठेवावी लागते. ज्या घरांत संगीत, विद्या किंवा सार्वजनिक कार्य यांचा असाच अखंड ध्यास आहे, त्या घरांतल्या मुलांकडे पाहिल्यास वाचकांस याचा पडताळा येईल.

बर्टनांच्या घरीं ती जागा उशिरां कां होईना, सांपडली. १९८२ सालीं मायलेकींनीं दोघींनीं मिळून चालविण्याच्या जोडसायकलीवर दहा मैल २१ मिनिटें २५ सेकंदांत कापून स्त्रियांचा राष्ट्रीय विक्रम केला. त्या वाहनावर कोणी कोणाच्या आडोशाला आहे, अशी तक्रार करण्याची सोय नसते. चाकें दोघींचीं एकच असतात.

मे १९९६ मध्यें, ५९ वा वाढदिवस कांहीं दिवसांवर आला असतां, बेरिलबाई सायकलीवरून निघाल्या होत्या. त्या दिवशीं शर्यत नव्हती. वाढदिवसाचीं बोलावणीं घरोघर पोंचवावयाचीं होतीं. वाटेंतच हृदयक्रिया बंद पडून त्यांचा अंत झाला. मॉर्ली गांवीं त्यांच्या नांवाची बाग आहे. विक्रमांच्या कोष्टकांत चार्लींचें नांव शोधून सांपडणार नाहीं. पण १९५७ पासूनचें त्यांतील प्रत्येक वर्ष वाचतांना रस्त्याच्या कडेला उभा असलेला तो गृहस्थ ज्याला दिसेल, त्यानेंच तें कोष्टक पुरतें वाचलें, असें मी म्हणेन.